वाचकांचे प्रश्न : कंपनी आपली, करार एजन्सीचा

प्रश्न : माझी मुलगी व जावई इंग्लंडमध्ये रेडिंग येथे राहतात. जावई स्किल्ड वर्कर व्हिसावर नोकरीत आहेत आणि मुलगी डिपेंडंट व्हिसावर आहे. तिला सॉफ्टवेअर टेस्टिंगचे सहा महिन्यांचे कंत्राटी काम एका रिक्रूटमेंट एजन्सीमार्फत मिळाले असून, एजन्सीच्या सांगण्यावरून तिने स्वतःची लिमिटेड कंपनी काढली आहे. आता मूळ करारासोबत ‘ऑप्ट-आउट’ नावाचे एक पान सहीसाठी आले आहे. २००३ च्या नियमावलीचे संरक्षण मला व माझ्या कंपनीला नको, असा त्यातील मजकूर आहे. ‘सगळेच सही करतात, त्याशिवाय पुढे जाता येणार नाही,’ असे एजन्सीकडून सांगण्यात आले. जावयांच्या मित्रांचे म्हणणे असे की, सही केल्यास करातही फायदा होतो. तिने सही करावी का? — एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : सही करण्यापूर्वी आपण विचारलेत, हे बरे झाले. हा कागद चार जोडपत्रांतले एक जोडपत्र म्हणून येतो, त्यावर एकच परिच्छेद आणि सहीच्या दोन जागा असतात, त्यामुळे तो रुजू होण्याच्या सोपस्कारांपैकी एक वाटतो. वास्तविक तो हक्क सोडण्याचा कागद आहे. सहीच्या जागा दोन असण्यालाही कारण आहे. काम करणारी व्यक्ती आणि तिची कंपनी या दोघांनीही संमती दिल्याशिवाय हा ऑप्ट-आउट पूर्ण होत नाही.

ब्रिटनमध्ये १९७३ चा एम्प्लॉयमेंट एजन्सीज ॲक्ट आहे. त्याखाली २००३ मध्ये केलेली नियमावली ६ एप्रिल २००४ पासून लागू झाली. एजन्सीने काम करणाऱ्याशी कसे वागावे, हे ती ठरवते. स्वतःच्या लिमिटेड कंपनीमार्फत काम करणारी माणसेही तिच्या कक्षेत येतात. मात्र नियम ३२ ने त्यांना बाहेर पडण्याची मुभा दिली आहे. ही मुभा त्यांच्यासाठी आहे, एजन्सीच्या सोयीसाठी नाही, हे आपल्या कन्येने पक्के लक्षात ठेवावे. ऑप्ट-आउट केला तरच काम शोधून देऊ, अशी अट एजन्सीने घालू नये, असे याच नियमात म्हटले आहे. त्यामुळे ‘त्याशिवाय पुढे जाता येणार नाही’ हे वाक्य तिला ईमेलवर लेखी मागता येईल. माझा अंदाज असा की, ते लेखी येणार नाही.

सही केल्यास काय जाते, हा खरा प्रश्न आहे. सर्वांत मोठी गोष्ट पैशाची. नियम १२ प्रमाणे, क्लायंटने (म्हणजे जिच्यासाठी प्रत्यक्ष काम होते त्या कंपनीने) अजून पैसे दिले नाहीत या कारणावरून एजन्सीला काम करणाऱ्याचे पैसे अडवता येत नाहीत. टाइमशीटवर (कामाच्या तासांच्या नोंदीवर) क्लायंटच्या मॅनेजरची सही नाही, एवढ्यावरूनही ते अडवता येत नाहीत. काम खरोखर झाले की नाही, याची खात्री एजन्सीने स्वतः करून घ्यायची असते. आपल्या सांगलीच्या हळद पेठेत शेतकऱ्याने माल अडत्याकडे लावला की पट्टीचे पैसे अडत्याकडून घ्यायचे असतात आणि खरेदीदाराकडून वसुली करणे ही अडत्याची डोकेदुखी असते. नियम १२ ने एजन्सीला त्याच जागी बसवले आहे. ऑप्ट-आउट केला की हे संरक्षण जाते आणि ‘क्लायंटकडून रक्कम जमा झाल्यावरच देयक अदा केले जाईल’ असे कलम करारात घालायला एजन्सी मोकळी होते. असा क्लायंट मध्येच बुडाला, तर दोन-तीन महिन्यांच्या कामाचे पैसे आपल्या कन्येच्या कंपनीचे जातात. सहा महिन्यांच्या करारात हा धोका किरकोळ मानू नये.

दुसरी गोष्ट पुढच्या कामाची. उद्या हाच क्लायंट तिला थेट कामावर घ्यायचे म्हणाला, तर त्याच्याकडून एजन्सी शुल्क मागू शकते. पण नियम १० ने त्याला मुदतीची मर्यादा घातली आहे. काम संपल्यापासून ८ आठवडे किंवा काम सुरू झाल्यापासून १४ आठवडे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तिच्यानंतर असे शुल्क मागता येत नाही. शिवाय दुसरीकडे काम स्वीकारले म्हणून काम करणाऱ्याला त्रास देणे किंवा तशी धमकी देणे नियम ६ ने निषिद्ध केले आहे. नियमावलीतून बाहेर पडल्यावर दोन्ही बंधने सुटतात आणि सहा महिने किंवा वर्षभर त्या क्लायंटच्या वाऱ्यालाही उभे राहू नका, अशी कलमे करारात येऊन बसतात. एजन्सी या एका पानासाठी एवढा आग्रह का धरतात, याचे उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडते.

कराचा फायदा होतो, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. लिमिटेड कंपनीमार्फत काम करणारी व्यक्ती प्रत्यक्षात क्लायंटच्या नोकरासारखीच आहे का, हे ठरवणारे आयआर-३५ नावाचे करनियम एप्रिल २००० पासून आहेत. सरकारी क्षेत्रात एप्रिल २०१७ पासून आणि खासगी क्षेत्रातील मध्यम व मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत एप्रिल २०२१ पासून हा निर्णय क्लायंटने घ्यायचा असतो आणि तो कारणांसह लेखी द्यायचा असतो. काम कसे करायचे हे कोण सांगते, बदली माणूस पाठवता येतो का, क्लायंट काम देण्यास आणि ती ते स्वीकारण्यास बांधील आहे का, अशा प्रत्यक्ष गोष्टींवर तो निर्णय ठरतो. ऑप्ट-आउटचा कागद त्याचे पारडे फिरवू शकत नाही. निर्णय ‘नोकरासारखीच’ असा आला, तर तिला पैसे देणारी एजन्सी कर आणि नॅशनल इन्शुरन्स (तिथली सामाजिक सुरक्षेची वर्गणी) कापूनच रक्कम देईल. म्हणून ठरलेला दिवसाचा दर कपातीपूर्वीचा की नंतरचा, हे आजच विचारून घ्यावे. एक बारकावा मात्र ध्यानात ठेवावा. २००३ ची नियमावली क्लायंटच्या नियंत्रणाखाली काम करणाऱ्यांसाठी आहे. आपली कन्या पूर्णपणे स्वतंत्रपणे काम करणार असेल, तर ही नियमावली मुळात लागूच नाही, असा पवित्रा एजन्सी घेऊ शकते. तशा स्थितीत हातात उरतो तो फक्त करार, आणि म्हणूनच त्यातली देयकाची कलमे ओळ न ओळ वाचणे भाग आहे.

वेळेचाही मुद्दा आहे. ऑप्ट-आउटची सूचना क्लायंटशी परिचय करून देण्याआधी किंवा कामावर पाठवण्याआधी द्यावी लागते. मुलाखत होऊन निवड झाल्यावर आलेला कागद उशिराचा ठरतो का, यावर तिथे वाद होत आले आहेत. म्हणून कागद कोणत्या तारखेला आला, तो ईमेल तिने जपून ठेवावा. सही करून नंतर माघार घेता येते. पण काम सुरू झाल्यावर घेतलेली माघार त्या जागेवरचे काम संपेपर्यंत लागू होत नाही.

माझा सल्ला स्पष्ट आहे. तिने सही करू नये आणि तसे दोन ओळींत नम्रपणे कळवावे. काम गमावण्याच्या भीतीने सही करावीच लागली, तर त्या बदल्यात करारात दोन गोष्टी लिहून घ्याव्यात. इन्व्हॉइस दिल्यापासून ठरावीक दिवसांत, क्लायंटने पैसे देवोत वा न देवोत, रक्कम मिळेल ही पहिली. आणि थेट काम न करण्याची मुदत ठरावीक व अल्प असेल ही दुसरी. थकलेल्या इन्व्हॉइसवर १९९८ च्या लेट पेमेंट कायद्याने बँक ऑफ इंग्लंडच्या मूळ दरापेक्षा ८ टक्के जादा व्याज मागता येते, आणि १०,००० पौंडांपर्यंतचा दावा इंग्लंडमध्ये स्मॉल क्लेम्सच्या (छोट्या रकमांच्या दाव्यांसाठीच्या सोप्या न्यायालयीन) मार्गाने, वकिलाशिवायही चालवता येतो. हे दोन्ही उपाय ऑप्ट-आउटनंतरही शाबूत राहतात.

जाता जाता जावयांसाठी एक इशारा. डिपेंडंट व्हिसावर स्वतःचा व्यवसाय करता येतो. स्किल्ड वर्कर व्हिसा मात्र प्रायोजक कंपनीच्या नोकरीशी बांधलेला असतो. मुलीची कंपनी छान चालली म्हणून त्यांनी त्याच कंपनीतून स्वतःसाठी कंत्राटी काम घेऊ नये.

प्रश्न : मी साताऱ्यात घरून काम करतो. पुण्यातील एका एजन्सीमार्फत, माझ्या वन पर्सन कंपनीच्या नावे काम चालते. चार महिन्यांची बिले थकली आहेत. ‘क्लायंटकडून आले की देऊ’ हेच उत्तर मिळते. काम सोडल्यावर दोन वर्षे त्या क्लायंटकडे जायचे नाही, असेही करारात आहे. इंग्लंडसारखा काही नियम आपल्याकडे आहे का? — एक वाचक, सातारा

उत्तर : एजन्सी आणि कंपनीरूपी कंत्राटदार यांच्यासाठी तशी स्वतंत्र नियमावली आपल्याकडे नाही, पण आपले हात रिकामे नाहीत. आपल्या कंपनीची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून झालेली असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार लेखी करारातही देयकाची मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. ती ओलांडल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. क्लायंटने पैसे दिले नाहीत, ही सबब त्या मुदतीपुढे टिकत नाही. तक्रार केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर करता येते आणि ती राज्याच्या सुलभीकरण परिषदेपुढे जाते. नोंदणी काम सुरू होण्यापूर्वीची असणे फार महत्त्वाचे आहे. नसेल तर निदान पुढच्या करारापूर्वी ती करून घ्या.

दोन वर्षांच्या बंदीची धास्ती घेऊ नका. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम २७ व्यवसायाला मज्जाव करणारे करार त्या मर्यादेत रद्दबातल ठरवते, आणि करार संपल्यानंतरच्या बंदीला आपली न्यायालये सहसा थारा देत नाहीत. गोपनीयतेची कलमे मात्र वेगळी. ती बंधनकारक राहतात. म्हणून थेट त्या क्लायंटकडे गेलात, तरी एजन्सीची दरपत्रके आणि कागदपत्रे सोबत नेऊ नका.