कॅमेऱ्याची दुखणी : भंडारा, धुकं आणि जुनं कार्ड

प्रश्न : पालच्या खंडोबाच्या यात्रेत भंडाऱ्याच्या उधळणीचे फोटो काढले. घरी आल्यावर लेन्स अर्धी बाहेर येऊन अडकली. स्क्रीनवर ‘लेन्स एरर’ येतं आणि कॅमेरा बंद होतो. हाताने आत ढकलू का?
– एक वाचक, उंब्रज

उत्तर : अजिबात नको. लेन्सची नळी म्हणजे एकात एक सरकणाऱ्या कड्या. त्यांना फिरवणारी मोटर चिमुकली आणि गिअर बहुधा प्लास्टिकचे. हळदीची पूड मैद्यासारखी बारीक, त्यात तिचं अंगचं तेल. फटीत शिरली की चिकटून बसते. नळी ठरल्या वेळात जागेवर पोचली नाही की कॅमेरा मोटर थांबवतो. तेव्हा जोर लावलात तर गिअरचा दात तुटतो किंवा कडीची खुंटी खाचेतून निसटते आणि मग लेन्सचा अख्खा भाग बदलावा लागतो.

आधी कार्ड काढून फोटो कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. बॅटरी पूर्ण चार्ज करा, कारण अर्धवट चार्जमुळेही नळी मध्येच थांबते. मग बॅटरी काढून लेन्स जमिनीकडे धरा आणि कड्यांभोवतीच्या फटीत रबरी ब्लोअरने पंधरा-वीस वेळा हवा मारा. कोरड्या मऊ ब्रशने पूड झटका. वहीच्या कागदाची सेंटिमीटरभर रुंद पट्टी फटीत दोन-तीन मिलिमीटरच सरकवून हलक्या हाताने गोल फिरवा. बॅटरी घाला, लेन्स खाली तशीच धरून कॅमेरा सुरू करा. तीन-चार वेळा करून पाहा. मोटरची घरघर ऐकू आली तर आशा आहे. कटकट असा आवाज येत असेल तर दात गेला, थांबा.

पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर वापरू नका, त्याच्या हवेत पाणी आणि तेल असतं. शिलाई मशीनचं तेलही नको. ते पसरत काचेवर जातं. स्क्रू तर उघडूच नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे 300 व्होल्टचा साठा असतो आणि बॅटरी काढल्यावरही तो बराच वेळ टिकतो.

पुढच्या यात्रेसाठी : उधळणीत झूम सारखं आत-बाहेर करू नका आणि कॅमेरा बंद करण्याआधी नळीवरची पूड झटका. बंद करताना नळी ती पूड आत ओढून घेते, बिघाड बहुतेकदा तिथेच होतो.

प्रश्न : कासला फुलांचे फोटो काढून गाडीत बसलो की लेन्सच्या आत धुकं धरतं. आता काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय.
– एक वाचक, सातारा

उत्तर : धुकं आणि जाळं ही दोन वेगळी दुखणी आहेत. पठारावर गार झालेल्या कॅमेऱ्यावर गाडीतली उबदार, दमट हवा लागली की काचेवर पाणी साठतं. गाडीत शिरण्याआधी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि तासभर उघडू नका. पाणी पिशवीच्या बाहेरच्या बाजूला धरेल. भिजलाच तर बॅटरी-कार्ड काढून पंख्याखाली ठेवा. तांदळाच्या डब्यात नको, पीठ आत जातं.

जाळं म्हणजे बुरशी. आतल्या काचेवरची घरी निघत नाही, आणि ती काचेचा लेप खात असल्याने दुरुस्तीला उशीर करू नका. चामडी केस ओल धरून ठेवते, तेव्हा पावसाळ्यात कॅमेरा त्यातून काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर (ओल शोषणारे दाणे) ठेवा. डब्यात छोटा आर्द्रतामापक टाका. आकडा 40 ते 50 टक्क्यांच्या आसपास राहिला म्हणजे झालं. केशरी दाणे हिरवे पडले की ओव्हनमध्ये सुमारे 110 अंशांवर दोन तास वाळवा.

प्रश्न : जुन्या कॅमेऱ्यात 64 जीबीचं कार्ड चालत नाही, तारीखही रोज पुसते.
– एक वाचक, सांगली

उत्तर : फार जुने कॅमेरे 2 जीबीपर्यंतचं साधं एसडी कार्डच ओळखतात, त्यानंतरचे 32 जीबीपर्यंतचं एसडीएचसी. 64 जीबीचं कार्ड एसडीएक्ससी असतं. तुमच्या कॅमेऱ्यावर कोणती खूण छापली आहे ते पाहा आणि कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. तारखेसाठी आत वेगळी छोटी बॅटरी असते. मुख्य बॅटरी चार्ज करून दिवसभर आत ठेवा, बऱ्याच मॉडेलमध्ये छोटी बॅटरी तिच्यावरच चार्ज होते. मुख्य बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र घालू नका.