व्हिटॅमिन सीचं सीरम तपकिरी झालंय आणि लावलं की आग होते. तेच चालू ठेवू की दुसरं घेऊ?

तुम्ही लिहिलंय की राहायला वेंगुर्ल्यात, वय 29, दोन्ही गालांवर वांग, हनुवटीवर अधूनमधून मुरूम. 20 टक्के व्हिटॅमिन सीचं सीरम दोन महिने लावताय, बाटली तपकिरी झालीय, चेहऱ्याची आग होते. आणि पार्लरवाल्या ताई म्हणतात, आग होते म्हणजे गुण येतोय.

बाटली आजच टाकून द्या. आग होणं म्हणजे गुण येणं नव्हे. औषधाच्या दुकानात उभं राहून हे वाक्य मी रोज कुणाला ना कुणाला सांगते आणि घरी वहिनीशी याच वाक्यावरून माझा वाद अजून मिटलेला नाही. म्हणून आधी वहिनीच्या गालाचं सांगते. तुमचं उत्तर बरंचसं त्यातच आहे.

शिमगा झाला की आमच्याकडे ओले काजू सोलायला बसतात. काजूच्या टरफलातल्या चिकात अ‍ॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल असतं, ते कातडी भाजतं. म्हणून हाताला खोबरेल चोळून बसायचं. वहिनीने हात चोळले होते, पण घाम पुसायला मनगट उजव्या गालावर नेलं आणि मनगटावरचा चीक तिथे लागला. रात्री चुरचुर, दुसऱ्या दिवशी लाल पट्टा, मग काळपट खपली. खपली पडली आणि गालाच्या हाडापासून खाली दोन बोटं रुंद तपकिरी डाग राहिला.

इथपर्यंत काहीच बिघडलं नव्हतं. असा वरवरचा डाग उन्हापासून जपला तर बहुतेक वेळा काही महिन्यांत आपला आपण फिका होतो. पण मे महिन्यात घरात लग्न होतं. वहिनीने 20 टक्क्यांचं व्हिटॅमिन सी आणलं आणि नुकत्याच धरलेल्या कोवळ्या कातडीवर सकाळ-संध्याकाळ लावायला लागली. डोळ्यांतून पाणी यायचं. थांब म्हटलं तर एकच उत्तर, "जळता म्हणजे लागू पडता." तीन आठवड्यांत डागाची कड पसरली आणि रंग गडद झाला. मग लग्नाआधी पार्लरमध्ये ग्लायकोलिक आम्लाचं पील (कातडीचा वरचा थर सोलून काढणारा लेप) झालं आणि ते करून दुसऱ्याच दिवशी भर दुपारी हळदीच्या मांडवात वावर. डाग आणखी काळा. शेवटी कुणीतरी दिलेली गोरं करणारी क्रीम. तिने मात्र पंधरा दिवसांत चेहरा लख्ख झाला. क्रीम संपली, बंद केली आणि महिन्याभरात पूर्वी नव्हते तिथेही मुरूम, गालावर लाल बारीक शिरा आणि डाग होता त्याहून मोठा.

त्या ट्यूबमध्ये रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन, व्हिटॅमिन एच्या जातीचं ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन होतं. मोमेटासोन म्हणजे स्टेरॉइड. हे मिश्रण त्वचारोगतज्ज्ञ वांगासाठी ठरावीक आठवडे, लक्ष ठेवून देतात. ते फेअरनेस क्रीम नव्हे. 2018 साली सरकारने अशी स्टेरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती द्यायचीच नाहीत. तरी लोक रिकामी ट्यूब घेऊन दुकानात येतात आणि "हीच द्या" म्हणतात. स्टेरॉइडने कातडी पातळ होते, सवय लागते आणि सोडलं की सूज उलटून येते. तुमच्या चेहऱ्यावर सध्या असं काही चालू असेल तर सीरमचा विचार बाजूला ठेवा आणि आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ती क्रीम एकदम तोडायची की हळूहळू, हे त्यांना ठरवू दे.

आता हे असं का झालं? आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीतल्या रंगपेशी दाह झाला की जास्त रंग तयार करतात. चिकाने भाजलं काय, मुरूम फोडला काय, आम्लाने जळलं काय, त्या पेशींना सगळं सारखंच. रोज आग करून घेणं म्हणजे डागाला रोज खत घालणं. गोऱ्या कातडीला जे नुसतं लाल करून सोडतं, ते आपल्याकडे सहा महिन्यांचा डाग देऊन जातं. वांग तर त्याहून हट्टी, कारण ते उन्हाने, उष्णतेने आणि हार्मोन्सने पुन्हा पुन्हा पेटतं.

तुमच्या बाटलीबद्दल. व्हिटॅमिन सी, म्हणजे एल-अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, कातडीत शिरायचं तर द्रावणाचा पीएच (आम्लपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) 3.5 च्या खाली लागतो. 2001 साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या शेल्डन पिनेल यांच्या गटाने डुकराच्या कातडीवर हे मोजलं होतं. त्यातच दिसलं की 20 टक्क्यांपर्यंत शोषण वाढतं, त्यापुढे वाढत नाही. म्हणजे 20 हा वरचा काठ आहे, सुरुवात करायचा आकडा नव्हे. 10 टक्क्यांपासून सुरुवात करतात. आणि हे आम्ल पाण्यात विरघळलं की हवा, उजेड आणि उष्णता तिघांनाही घाबरतं.

बशीत एक थेंब टाकून खिडकीशी धरा. पाण्यासारखा किंवा फिक्या लिंबू सरबतासारखा असेल तर ठीक. कोऱ्या चहासारखा दिसला तर व्हिटॅमिन बरंचसं मोडलेलं आहे. ड्रॉपरच्या रबराखाली तपकिरी कडं दिसतं, उशीच्या अभ्र्यावर नारिंगी डाग पडतात, बोटांची टोकं पिवळी होतात, या त्याच्याच खुणा. त्या मोडलेल्या पदार्थांचा रंग कातडीवरही चढतो. "दाट झालं, म्हणून रंग आला" हे साफ खोटं.

आणि हिशेब बघा. 30 मिलीची बाटली, एका मिलीत साधारण 20 थेंब, म्हणजे 600 थेंब. रोज सकाळी 4 थेंब धरले तर ती 150 दिवस पुरते. आपल्याकडे मे महिन्यात घरात पारा तिशीच्या वर, हवेत दमटपणा, त्यात न्हाणीघराच्या फळीवर ठेवलेली उघडी बाटली. पाच महिने ती टिकत नाही. घ्यायचीच तर 10 किंवा 15 मिलीची, गडद काचेची किंवा हवाबंद पंपाची घ्या, फ्रिजच्या दारात ठेवा, झाकण लगेच लावा, ड्रॉपर गालाला टेकवू नका. फेरुलिक आम्ल आणि व्हिटॅमिन ई सोबत असेल तर ती थोडी जास्त तग धरते. पावसाळ्यात वीज वारंवार जाते अशा गावात मी हे सीरम सुचवतच नाही. त्याऐवजी इथाइल अ‍ॅस्कॉर्बिक आम्लासारखं स्थिर रूप बरं. चुरचुरही कमी करतं.

तुमच्यासाठी माझ्या मते पहिलं नाव अ‍ॅझेलेइक आम्लाचं. वांग आणि मुरूम दोन्हींवर चालणारं एकच औषध हवं असेल तर हेच. ते रंग बनवणाऱ्या टायरोसिनेज एन्झाइमला आवरतं आणि जास्त काम करणाऱ्या रंगपेशींवर त्याचा जोर जास्त असतो, म्हणून भोवतालची चांगली कातडी फिकी पडत नाही. 10 टक्क्यांचं सीरम किंवा जेल घ्या, 15-20 टक्क्यांचं डॉक्टरना विचारून. पण लगेच नको. आधी दोन-तीन आठवडे चेहऱ्याला विश्रांती द्या. साधा सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, बस. आग पूर्ण थांबली की मग रात्री तोंड धुऊन पूर्ण कोरडं करा (ओल्या कातडीवर आम्ल जास्त चुरचुरतं), वाटाण्याएवढं घ्या, पाच ठिकाणी टिकल्या लावून पसरा, वर मॉइश्चरायझर. पहिले दोन आठवडे एक रात्र आड. त्याआधी जबड्याच्या कडेला रुपयाएवढ्या जागेवर चार रात्री लावून बघा. नुसत्या डागावर ठिपका देऊ नका, सगळीकडे पातळ थर द्या. वांगाची कड डोळ्याला दिसते त्यापलीकडेही असते.

सकाळी हवं तर नायसिनामाइड, 4 ते 5 टक्के. रंगपेशीत तयार झालेला रंग वरच्या पेशींकडे जाताना ते अडवतं, तेलकटपणाही थोडा कमी करतं. दुकानात 10 टक्क्यांच्या बाटल्यांची रांग लागलेली असते, पण अभ्यासांत गुण आलाय तो 2 ते 5 टक्क्यांत. 10 ने पुष्कळ जणींचा चेहरा लाल होतो आणि त्या समजतात की आपल्याला नायसिनामाइड चालत नाही.

बाकीचं भराभर. नाकावर काळे ठिपके आणि तेल : सॅलिसिलिक आम्ल, 2 टक्क्यांपर्यंत, आठवड्यातून दोन-तीनदा. ते तेलात विरघळतं म्हणून रंध्रात शिरतं. सुरकुत्या : रेटिनॉल, रात्री. हायलुरोनिक आम्ल कोरड्या कातडीसाठी आहे. जुलैत भिंतींना ओल येते अशा हवेत तेलकट चेहऱ्याला ते नुसतं चिकट लागतं, पैसे वाचवा. आणि पावसाळ्यात कपाळावर एकसारख्या बारीक, खाजणाऱ्या पुटकुळ्या उठत असतील तर ते मुरूम नसून बुरशी असण्याची शक्यता मोठी. मॅलेसेझिया नावाची ही बुरशी मेदाम्लांवर वाढते आणि खोबरेल म्हणजे मेदाम्लंच. केसांना जरूर लावा, कपाळावर उतरू देऊ नका. तिथे कुठलंच सीरम उपयोगाचं नाही, बुरशीचं औषध लागतं.

लिंबू लावू नका. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आलं की कातडी भाजते आणि त्याचा डाग महिनोन्महिने जात नाही.

सनस्क्रीनबद्दल कुणी ऐकत नाही, पण वांगावर अर्धं औषध तेच आहे. एसपीएफ 30 किंवा जास्त, दोन बोटांवर टोकापासून मुळापर्यंत रेघ ओढून जेवढी मावते तेवढी, चेहरा आणि गळ्याला. वांग असेल तर पांढरी नको, कातडीच्या रंगाची घ्या आणि घटकांत आयर्न ऑक्साइड आहे का ते वाचा. वांग अतिनील किरणांसारखंच डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या उजेडानेही गडद होतं आणि तो उजेड अडवायला आयर्न ऑक्साइड लागतं. बंदरावर, वाळूत, होडीत असाल तर खालूनही उजेड येतो, नुसती टोपी पुरत नाही. आपल्याकडे घामाने दोन तासांत थर उतरतो. रुमालाने टिपून घ्या आणि पुन्हा लावा. एवढं जमणार नसेल तर सीरमवर खर्च करू नका, हे मी स्पष्ट सांगते.

वहिनीचा गाल असाच ताळ्यावर आला. डॉक्टरांनी आधी तिची क्रीम सोडवली, मग फक्त मॉइश्चरायझर आणि रंगीत सनस्क्रीन, मग एक रात्र आड अ‍ॅझेलेइक. पाच महिने लागले. एकाही रात्री आग झाली नाही. ती अजून म्हणते की डाग तसाही गेलाच असता. मग तीन आठवडे जळत असताना तो का पसरला, याचं उत्तर तिने मला अजून दिलेलं नाही.

एक मात्र नीट समजून घ्या, नाहीतर तुम्ही अ‍ॅझेलेइकही घाबरून टाकून द्याल. पहिल्या दोन आठवड्यांत लावल्यावर दहा-पंधरा मिनिटं खाज किंवा हलकी चुरचुर होऊ शकते आणि आपोआप जाते, ते चालतं. सकाळी उठल्यावर लाली, सालं किंवा पाणी लावल्यावर झोंबणं असेल तर चार दिवस थांबा आणि मग दोन रात्री आड करा. तरी तेच झालं तर तुमच्यासाठी ते नाही.

गर्भारपणात किंवा तसा विचार असेल तर रेटिनॉल, ट्रेटिनॉइन आणि हायड्रोक्विनोन नको. अ‍ॅझेलेइक आणि नायसिनामाइड चालतं, तरी डॉक्टरांच्या कानावर घाला. गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर वांगाचं मूळ तिथेही असू शकतं, तेही त्यांना सांगा.

फरक पडतोय का ते रोज आरशात बघून कळत नाही. महिन्याच्या एक तारखेला, सकाळी त्याच वेळी, त्याच दारात उभं राहून, पावडर न लावता दोन्ही गालांचे फोटो काढा. पहिला आणि चौथा फोटो शेजारी ठेवा. मधले दोन बघू नका.