रोजच्या वादात तर्कदोष पटकन कसे ओळखायचे? त्यांची यादी पाठ करून उपयोग होतो का?

यादी पाठ करून मला तरी काडीचा उपयोग झाला नाही. ॲरिस्टॉटलने 13 तर्कदोष सांगितले. आपल्या न्यायदर्शनात, म्हणजे तर्काच्या जुन्या भारतीय शास्त्रात, 5 हेत्वाभास (खरी वाटणारी फसवी कारणं), 3 प्रकारचे छल (समोरच्याच्या शब्दांचा भलताच अर्थ काढणं), 24 जाती (वरवरचे, पोकळ आक्षेप) आणि 22 निग्रहस्थानं (जिथे वादात हार मानली जाते अशा चुका) आहेत. यातली बरीच नावं मला येत होती. तरी घरातला सगळ्यात महत्त्वाचा वाद मी हरले आणि ती सल अजून गेलेली नाही, म्हणून लिहितेय.

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, ऑपरेशनला अवकाश होता. रात्री समोरून गाडी आली की दिवा डोळ्यांत पसरतो आणि रस्त्याची कड दिसेनाशी होते, हे तिनेच मला फोनवर सांगितलं. मोतीबिंदूत असं होतंच, गढूळ झालेल्या भिंगातून प्रकाश विखुरतो. मी दादाला एवढंच म्हटलं, "ऑपरेशन होईपर्यंत अंधार पडल्यावर आईने स्कूटर चालवू नये."

दादा म्हणाला, "म्हणजे तिने घरात कोंडून घ्यायचं का?"

इथेच मी फसले. "कोंडून घे असं कुठे म्हटलं मी?" म्हणत त्या कोंडण्यावरच बोलत बसले. आईच्या स्वातंत्र्यावर आम्ही कडाकडा भांडलो, आणि त्या स्वातंत्र्याविरुद्ध मी अवाक्षर काढलं नव्हतं. मग आलं, "आज रात्री नको म्हणतेस, उद्या दिवसाही नको म्हणशील." मग, "40 वर्षं चालवतेय, एकदा तरी पडली का?" मग, "तू स्वतः किती जोरात चालवतेस ते माहितेय मला." आणि शेवटी, "लांब बसून सल्ले देणं सोपं असतं." मी प्रत्येक वाक्याला उत्तर दिलं. उत्तरं बरोबर होती आणि वाद हातातून गेला होता.

तर ओळखायचं कसं? समोरचा तुमचं म्हणणं परत सांगतो तेव्हा त्यातले कोणते शब्द गळले ते बघा. माझ्या वाक्यातले "ऑपरेशन होईपर्यंत" आणि "अंधार पडल्यावर" हे दोन्ही तुकडे दादाच्या पहिल्याच उत्तरात गायब होते. दुसरं म्हणजे, त्याचं वाक्य सोळा आणे खरं मानून बघा आणि मुद्दा जागचा हलतो का ते तपासा. मी गाडी जोरात चालवते हे खरंच आहे. त्याने आईला रात्री जास्त दिसणार होतं का? त्या 40 वर्षांतल्या बहुतेक वर्षांत तिला मोतीबिंदू नव्हता.

तीन महिन्यांनी आई रात्री दुभाजकाला धडकली, मनगट मोडलं. दादा म्हणाला, "तू सारखी घाबरवत होतीस, तिचा आत्मविश्वास गेला." कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली असं आपण म्हणतो, पण इथे तर कावळाही बसला नव्हता. त्या भांडणानंतर मी गाडीचा विषय एकदाही काढलेला नव्हता.

दोषाचं नाव तोंडावर फेकू नका. "हा छल आहे" असं मी म्हटलं, तर "पुस्तकी बोलू नकोस" हे ऐकावं लागलं. दादा करत होता ती वितंडा. वितंडा म्हणजे स्वतःची बाजू न मांडता फक्त समोरच्याची पाडत राहणं. आपण आता कुठल्याही भांडणाला वितंडवाद म्हणतो, पण मूळ अर्थ धरला तर त्यावरचा उपायही कळतो: समोरच्याला त्याची बाजू मांडायला लावा. मी एकच विचारायला हवं होतं, "दादा, आईला रात्री नीट दिसतं असं तुझं म्हणणं आहे का?" त्याला हो म्हणता आलं नसतं.

आता हेही सांगायला हवं. आई पडली म्हणून माझं खरं ठरलं, असं घरातले म्हणतात, ते मला मान्य नाही. ती रोज सुखरूप घरी आली असती तरी माझा मुद्दा तितकाच बरोबर होता, कारण तो तिच्या डोळ्यांवर उभा होता. आणि युक्तिवादात दोष सापडला म्हणजे निष्कर्ष खोटाच, असंही नाही. दादाचं "लांब बसून" हे वाक्यसुद्धा सगळं टाकाऊ नव्हतं. आईला दिसतं की नाही याच्याशी मी कुठे राहते याचा संबंध नाही. पण रोज संध्याकाळी तिला आणायला कोण जाणार, याच्याशी आहे, आणि ते त्याच्यावरच येणार होतं. मी तो विचार केला नव्हता. व्यक्तीवरचा प्रत्येक शेरा तर्कदोष नसतो, कोणत्या मुद्द्यावर मारलाय ते बघावं लागतं.

आईची दोन्ही ऑपरेशनं झाली. ती आता रात्रीही स्कूटर चालवते आणि माझी काही हरकत नाही. दादा अजून म्हणतो, "बघ, तू तर तिची गाडी बंदच करायला निघाली होतीस." ते "ऑपरेशन होईपर्यंत" त्याच्या वाक्यात आजही नसतं.