वाचकांचे प्रश्न: डाया डबल केला, मग वजन चौपट कसं?

या महिन्यात निम्म्याहून जास्त प्रश्न वजनाचेच आलेत. कोल्हापूरच्या उद्यमनगरातनं, शिरोलीतनं, आणि एक तर थेट गुऱ्हाळावरनं. त्यामुळे बाकीचे पुढच्या अंकाला ढकललेत, रागावू नका.

प्रश्न: उद्यमनगरात माझं छोटं लेथचं शॉप आहे. एका पार्टीला ५० एमएम डायाचा (व्यासाचा), ३०० एमएम लांबीचा एमएस (माइल्ड स्टीलचा) शाफ्ट नेहमी देतो, मटेरियल साडेचार किलोच्या थोडं वर जातं. आता त्यांनी तोच शाफ्ट १०० एमएममध्ये मागितला, मी सव्वानऊ किलो धरून कोटेशन देऊन टाकलं. बार आणला तर साडेअठरा किलो! दुकानदाराने काटा मारला का?

उत्तर: काटा बरोबर आहे दादा, दुकानदाराला काही बोलला असाल तर आधी त्याला चहा पाजा. डाया डबल झाला की गोल बारचं तोंड डबल होत नाही, चौपट होतं. पटत नसेल तर पोराच्या वहीतला चौकटीचा कागद घ्या, १० सेंटीमीटरचा चौकोन काढा, त्यात ५ सेंटीमीटरचे चौकोन किती बसतात ते मोजा. चार. आणि गोल लहान असू दे नाहीतर मोठा, तो आपल्या चौकोनाचा ७८.५४ टक्केच भाग व्यापतो, म्हणून गोलालाही तोच हिशोब.

आता आकडे. सगळं सेंटीमीटरमध्ये घ्या, एमएममध्ये शून्यं वाढत जातात आणि एखादं निसटलं की जॉब ४ किलोचा ४० किलो होतो. ५ गुणिले ५ म्हणजे २५, त्याला ०.७८५४ ने गुणलं की १९.६३, लांबी ३० ने गुणलं की ५८९ घनसेंटीमीटर. स्टीलचं एक घनसेंटीमीटर ७.८५ ग्रॅमचं, म्हणजे ४६२४ ग्रॅम, हे तुमचे साडेचारच्या वरचे. १०० एमएमला तेच केलं की २३५६ घनसेंटीमीटर, १८.५ किलो. लांबी डबल केली असती तर तुमचे सव्वानऊ बरोबर आले असते.

बांधकामावरचे लोक सळीचं वजन काढताना 'डायाचा वर्ग भागिले १६२' म्हणतात ना, म्हणजे १२ एमएमची सळी १४४ भागिले १६२, मीटरला ८८९ ग्रॅम, ते हेच. ०.७८५४ आणि ७.८५ चा गुणाकार करून, एमएम-मीटरचा फरक काढून टाकला की खाली १६२ उरतात. म्हणजे हा आकडा फक्त गोल आणि फक्त स्टीलचा. चौकोनी बारला १२७ ने भागायचं. ॲल्युमिनियमच्या राउंडला १६२ लावून बसलात तर जवळपास तिप्पट वजन धराल, कारण ॲल्युमिनियमचं घनसेंटीमीटर २.७ ग्रॅमचंच. पार्टी दुसरीकडे गेली की मग कळतं.

प्रश्न: शिरोलीतल्या फाउंड्रीत नवीन लागलोय. बिडाचा (कास्ट आयर्नचा) बुश आहे, म्हणजे पोकळ नळकांडं, ओडी (बाहेरचा डाया) १२०, आयडी (आतला डाया) ८०, लांबी १०० एमएम. मी १२० मधनं ८० वजा केले, ४० च्या डायाचा बार धरला, ९०० ग्रॅम आले. सुपरवायझर हसला, पण का ते सांगितलं नाही.

उत्तर: हसण्यापेक्षा सांगितलं असतं तर बरं झालं असतं. डायातनं डाया वजा करायचा नाही, वर्गातनं वर्ग करायचा. आधी भरीव समजा, मग भोक काढून टाका. १२ चा वर्ग १४४, ८ चा वर्ग ६४, उरले ८०. तुम्ही घेतले ४ चा वर्ग, १६. बरोबर पाचपट फरक! ८० ला ०.७८५४ ने आणि लांबी १० ने गुणा, ६२८ घनसेंटीमीटर, बीड साधारण ७.२ चं, म्हणजे साडेचार किलो.

पण थांबा, हे ड्रॉइंगवरचं फिनिश वजन झालं. मोल्डमधनं निघणारं कास्टिंग याच्यापेक्षा जड असतं, मशिनिंगला मटेरियल ठेवावं लागतं. समजा सगळीकडे ३ एमएम ठेवलं: ओडी १२६, आयडी ७४, लांबी १०६. परत गणित करा, ६.२ किलो येतात. नुसत्या ३ एमएमने पावणेदोन किलो वाढले आणि वितळवायचं बीड तर त्याहूनही जास्त लागणार, कारण रनर (मेटल आत जायच्या वाटा) आणि रायझर (वरचा जादा मेटलचा साठा) त्यात धरलेलेच नाहीत. मी उमेदवारीला असताना एका मोठ्या कव्हरला फिनिश वजनावर मेटल काढलं होतं. मोल्ड पाऊण भरला आणि लॅडल (मेटल ओतायचं भांडं) रिकामी. त्या दिवशी मालक जे बोलले ते इथे छापता येणार नाही.

प्रश्न: आमचं पन्हाळा तालुक्यात गुऱ्हाळ आहे. रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, साचा बादलीसारखा, वर ३० सेंटीमीटर, तळाला २४, उंची २५. पोरगं म्हणतंय सरासरी २७ चा डाया धरा, त्याच्या सरांनी मोठं सूत्र दिलंय. कुणाचं खरं?

उत्तर: काका, सर बरोबर आणि पोरगंही जवळजवळ बरोबर. सरांचं सूत्र असं: वरच्या डायाचा वर्ग, खालच्याचा वर्ग आणि दोघांचा गुणाकार, तिन्हींची बेरीज करायची. ९०० अधिक ५७६ अधिक ७२०, झाले २१९६. त्याची सरासरी म्हणून ३ ने भागा, ७३२. मग ०.७८५४ ने आणि २५ ने गुणा, १४,३७३ घनसेंटीमीटर, म्हणजे १४ लिटरच्या थोडं वर. पोराच्या रीतीने २७ चा वर्ग ७२९, येतात १४,३१४. फरक ६० सुद्धा नाही, तेवढा गूळ तर काढताना साच्याला चिकटून राहतो.

पण ही युक्ती उतार थोडा असेल तोवरच. तळाला टोकच असतं, म्हणजे शंकू, तर सरासरी डायाने पाव भाग कमी आला असता. सरांना वाईट बोलू नका.

खात्री करायची तर साच्याएवढ्याच बादलीत त्याच उंचीपर्यंत पाणी भरून काट्यावर ठेवा, बादलीचं वजन वजा करा, जेवढे किलो तेवढे लिटर. गूळ स्वतः पाण्यात बुडवून मोजायला जाऊ नका, शाळेत दगडाला केलं ते इथे चालत नाही! आणि लिटरला गूळ किती किलो ते एक रवा तोलून तुम्हीच काढा, पाक किती घोटला आणि ओल किती राहिली यावर ते बदलतं.

प्रश्न: मुलगी गोळाफेक करते, तिचा ४ किलोचा. भाऊ मोठ्या मुलांचा ७.२६ किलोचा वापरतो. दिसायला दोन्ही जवळपास सारखेच. मोठ्यात शिसं भरलंय का?

उत्तर: गरजच नाही. गोळ्याला डाया गुणिले डाया गुणिले डाया करायचं आणि मग ०.५२३६ ने गुणायचं, की घनसेंटीमीटर येतात. भरीव स्टीलचा ४ किलोचा गोळा ९.९ सेंटीमीटरचा होतो, ७.२६ चा १२.१ चा. डायात सव्वादोन सेंटीमीटरचा फरक आणि वजनात सव्वातीन किलोचा. व्हर्नियर लावून बघा. मोठा ११ च्याच आसपास भरला तर मात्र आत शिसं असू शकतं, आणि तेही नियमात बसतं, पुरुषांच्या गोळ्याला ११ ते १३ सेंटीमीटर चालतात.

प्रश्न: एक ब्रास वाळू सांगितली, ट्रॉली आतनं १० फूट बाय ६ फूट, वाळू दीड फूट. बरोबर का?

उत्तर: ९० घनफूट झाले, ब्रास १०० घनफुटांचा. म्हणजे १० कमी. शिवाय वाळू ओलसर असेल तर अजून कमी, कारण थोड्या पाण्याने वाळू फुगते, पाव भागापर्यंत सहज. ट्रॉली खाली करायच्या आधी टेप लावा, ढीग झाल्यावर ड्रायव्हर ऐकत नाही.