वाचकांचे प्रश्न : गोरेमेच्या चर्चमधला खडक, चुना आणि रंग

तुर्कस्तानात गोरेमेला एका कोरीव चर्चमध्ये खांब मधूनच तुटलेला दिसला. वरचा तुकडा छताला लोंबतो आहे, तरी छत शाबूत. हे कसं? (नाशिक)

तो खांब छत पेलण्यासाठी नव्हताच. ही चर्च रचलेली नाहीत, ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या मऊ खडकात पोखरलेली आहेत. कारागिरांनी बायझंटाईन (पूर्व रोमन) साम्राज्यातल्या बांधीव चर्चचा घाट, म्हणजे चार खांब, कमानी आणि मधे घुमट, खडकात तसाच कोरून ठेवला. छताचं वजन आजूबाजूचा अखंड खडकच पेलतो. आपल्या वेरूळचा बेसाल्ट कठीण. हा खडक ताजा असताना टिकावाने सहज निघतो आणि हवा लागली की वरून टणक होतो. गिलावा पडलेल्या जागी टिकावाचे तिरके घाव अजून दिसतात. त्याच खडबडीत घावांना गिलावा धरून राहतो.

अजिंठ्याची चित्रं कोरड्या गिलाव्यावर काढलेली आहेत असं वाचलं. मग गोरेमेची खरी फ्रेस्को म्हणायची का? (पुणे)

अंशतः. अजिंठ्यात माती, भाताचं तूस आणि तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि डिंक-सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. खऱ्या फ्रेस्कोत चिकट द्रव्य लागत नाही. ओल्या चुन्यावर नुसत्या पाण्यात कालवलेला रंग लावायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून पुन्हा दगड होतो आणि रंगाचे कण त्यातच अडकतात. हे काही तासांत उरकावं लागतं. म्हणून एका वेळी हात पुरेल तेवढाच गिलावा चढवतात, तोही वरून खाली, नाहीतर वरचे शिंतोडे खालच्या चित्रावर पडतात. उशीर झाला की रंग वरच राहतो आणि बोट फिरवलं की पूड निघते.

गोरेमेत दोन्ही रीती मिसळलेल्या आहेत, आणि चुन्यात भुस्साही सापडतो, कारण नुसता चुना सुकताना तडकतो. दहाव्या शतकाच्या मध्यातलं तोकालीचं नवं चर्च जरूर निरखून पाहा. तिथली निळाई लाजवर्दाची आहे, म्हणजे अफगाणिस्तानातून आलेला महागडा दगड. अकराव्या शतकातल्या कारानलिक, म्हणजे अंधाऱ्या चर्चमध्ये एका लहान खिडकीतूनच उजेड येतो. म्हणून तिथले रंग इतके ताजे राहिले. फ्लॅश वापरू नका, ही कळकळीची विनंती.

संत बार्बराच्या चर्चमधल्या तांबड्या रेघा प्रतिमाबंदीच्या काळातल्या का? (मुंबई)

तसं धरून चालू नका. बायझंटाईन सम्राटांनी धार्मिक चित्रांवर घातलेली ही बंदी 726 ते 843 या काळातली, तर हे चर्च अकराव्या शतकातलं मानतात. गेरूच्या या रेघा थेट खडकावर आहेत. इतर काही चर्चमध्ये वरचं चित्र गळून पडलं की खाली अशाच रेघा निघतात. नुसत्या रेघांवरून काळ ठरत नाही.

खडकापासून सुटलेलं चित्र पुन्हा कसं चिकटवतात? सिमेंट का नाही? (मडगाव)

आधी बोटाच्या पेराने हलकं टिचकावून पाहतात. पोकळ आवाज आला की तो भाग सुटलेला. खडकातून पाणी झिरपतं, सोबत क्षार येतात, गिलाव्यामागे त्यांचे स्फटिक वाढतात आणि चित्राला बाहेर ढकलतात. हिवाळ्यात पाणी गोठून तेच करतं. म्हणून पहिलं काम वरची भेग बुजवण्याचं. ते न करता चित्र चिकटवणं व्यर्थ.

मग चित्रावर पातळ जपानी कागद चिकटवून ते सावरायचं, पोकळीत पाणी आणि अल्कोहोलचं मिश्रण सोडून धूळ ओली करायची आणि सुईने खालून वर थोडा थोडा चुन्याचा घोळ भरायचा. एकदम भरला तर ओझ्याने चित्रच खाली येतं. बाहेरून मऊ गादी लावलेल्या फळीचा टेका हवा. साधा चुना इथे चालत नाही: गिलाव्यामागे हवा पोचत नाही, म्हणून तो आवळत नाही. पाण्यातच आवळणारा चुना किंवा चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची पूड, लागते. सिमेंट खडकापेक्षा कठीण असतं, ओल कोंडून ठेवतं आणि स्वतःचे क्षार सोडतं. पुढच्या वेळी गिलावा सुटतो तेव्हा खडकाचा पापुद्राही सोबत घेऊन येतो.