गोदीतल्या माणसाला हेंडनचं संडरलँड दाखवावं का?

प्रश्न : बाबा माझगाव डॉकमधून निवृत्त झालेत आणि आता काही दिवस लंडनला माझ्याकडे येतायत. हेंडनच्या आरएएफ (रॉयल एअर फोर्स, म्हणजे ब्रिटिश हवाई दल) म्युझियममध्ये दुसऱ्या महायुद्धातलं संडरलँड नावाचं पाण्यावर उतरणारं विमान आहे म्हणे. बाबांना विमानांत विशेष रस नाही. तरी न्यावं का, की दहा मिनिटांत बघून होईल?

उत्तर :

नक्की न्या, आणि अर्धा दिवस हाताशी ठेवून न्या. बाबांना विमानांत रस नाही हे तर चांगलंच आहे. बहुतेक लोक मान वर करून संडरलँडचे पंख बघतात, चार इंजिनं बघतात, फोटो काढतात आणि पुढे सरकतात. ज्याचा जन्म गोदीत गेला त्याची नजर आपोआप खाली, तळाकडे जाईल. या विमानातलं बघण्यासारखं निम्मंअधिक तिथेच आहे.

मी इथे जवळच, हॅरोला राहते. भारतातून कुणी आलं की मी त्यांना हेंडनला नेते, आणि दरवेळी संडरलँडपाशी माझा पाय जास्त वेळ अडकतो. तेव्हा तिथे काय बघावं ते सांगते.

सुरुवात बाहेरून करा. विमानाच्या कडेने नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, शेपटीपर्यंत सावकाश चालत जा. लांबी 26 मीटर, पंखांचा पसारा 34 मीटरच्या वर. पण आकड्यांपेक्षा तळाचा आकार बघा. पुढे धारदार, इंग्रजी व्हीसारखा, मधोमध कणा, दोन्ही बाजूंना रिव्हेट मारलेले अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे. मध्याच्या थोडं मागे तळाला एक पायरी आहे. ती बाबांना मुद्दाम दाखवा. ओल्या ओट्यावर ठेवलेलं स्टीलचं ताट उचलताना जसं चिकटून बसतं, तसं पाणी या तळाला धरून ठेवतं. वेग वाढला की पायरीपाशी पाण्याची पकड सुटते, मागचा भाग मोकळा होतो, बोट पाण्यात रुतून न जाता पाण्यावरून घसरू लागते आणि मग हवेत उठते. ही पायरी नसती तर चारी इंजिनं कितीही ओरडली असती तरी ते धूड पाण्यातून सुटलं नसतं. समुद्र अगदी आरशासारखा शांत असला तर उड्डाण आणखी अवघड होई. मग पुढे लाँच, म्हणजे मोटरबोट, पळवून मुद्दाम लाटा उठवायच्या.

याला स्वतःची चाकं नाहीत, हेही बाबांना सांगा. किनाऱ्यावर ओढायचं झालं की माणसं पाण्यात उतरून दोन्ही बाजूंना चाकं जोडत, मग धक्क्याच्या उतारावरून ते वर ओढलं जाई. एरवी मुक्काम पाण्यातच, बोयाला, म्हणजे तळाशी नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला, बांधून. वादळी रात्री कुणीतरी विमानात झोपायलाच लागे, कारण दोर तुटला तर लाखमोलाचं विमान खडकावर जायचं. पेट्रोल, दारूगोळा, माणसं, सगळं होडीतून न्यायचं. इंजिनाची दुरुस्तीसुद्धा पाण्यावर तरंगतानाच. त्यासाठी पंखाच्या पुढच्या कडेचा तुकडा खाली पडून त्याची फळी होत असे, तिच्यावर मेकॅनिक उभा राहायचा. हातातला पाना निसटला की गेला समुद्राच्या तळाशी.

मग आत जा. माझ्या मते खरी मेजवानी इथे आहे. दार लहान आहे, वाकावं लागतं, उंबरे उंच आहेत. बाबांचे गुडघे दुखत असतील तर घाई करू नका.

आत दोन मजले आहेत. वर वैमानिक, नॅव्हिगेटर, रेडिओवाला आणि फ्लाइट इंजिनिअर. खालचा मजला म्हणजे घरच. नाळेत नांगर आणि दोरखंड. पुढचा मशीनगनचा मनोरा रुळांवरून मागे सरकतो, म्हणजे एक माणूस तिथे उभा राहून बोया पकडू शकतो. त्याच्यामागे फ्लश असलेला चिनी मातीचा संडास. युद्धाच्या विमानात! पुढे बसायची खोली आणि झोपायचे बंक, मग स्वयंपाकघर. रॉकेलच्या दोन स्टोव्हवर खरोखरचा गरम स्वयंपाक होत असे. त्या काळात बाकीच्या बॉम्बर विमानांतले लोक थर्मासमधला चहा आणि सँडविच यांवर रात्र काढत. आपल्या बोटींवर भंडाऱ्याला, म्हणजे स्वयंपाक्याला, जो मान असतो तो इथे चूल सांभाळणाऱ्या गनरला मिळत असेल, असं मला तो ओटा बघताना नेहमी वाटतं.

ही चैन नव्हती. संडरलँडची गस्त बारा-तेरा तासांची. अकराएक माणसं पाळीपाळीने डोळ्यांत तेल घालून करड्या समुद्राकडे बघत बसायची, पाणबुडीची एखादी रेघ दिसते का म्हणून. बहुतेक गस्तींत काहीही दिसत नसे. कित्येकांनी सबंध युद्धात एकही पाणबुडी पाहिली नाही. पण वर विमान फिरतंय एवढ्या धाकाने पाणबुडीला पाण्याखाली राहावं लागे. तिथे तिचा वेग निम्म्याहून कमी होई आणि व्यापारी जहाजांचा ताफा निसटून जाई. काही न घडलेल्या त्या हजारो तासांमुळे किती खलाशी घरी पोचले असतील, याची मोजदाद कुठेच होत नाही. लढाऊ विमानांसमोर गर्दी असते आणि इथे तुरळक माणसं असतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पाणबुडी दिसलीच तर? स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, टांगलेले असत. बाजूच्या भिंतीतली दारं उघडायची आणि ते रुळांवरून बाहेर, पंखांखाली सरकायचे. टाकून झाले की रुळ आत, पुन्हा भरायचे, पुन्हा बाहेर. पंखाखालचे ते रूळ बाहेरूनही दिसतात. आणि विमानाचा पांढरा रंग शोभेचा नाही. ढगाळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर पांढरं विमान पाणबुडीवरच्या टेहळ्याला उशिरा दिसतं, म्हणून तो रंग.

झुंजायची वेळ आली तेव्हा ही बोट झुंजलीही. 2 जून 1943ला बिस्केच्या उपसागरावर ऑस्ट्रेलियन हवाई दलाच्या 461 स्क्वाड्रनच्या एकट्या संडरलँडवर आठ जर्मन युंकर्स 88 लढाऊ विमानं तुटून पडली. संडरलँडमधल्या अकरापैकी एक जण मारला गेला, पण उरलेल्यांनी चाळणी झालेलं विमान कॉर्नवॉलच्या किनाऱ्यापर्यंत आणून वाळूत चढवलं. मला मात्र 18 सप्टेंबर 1939ची गोष्ट जास्त आवडते. केन्सिंग्टन कोर्ट नावाचं मालवाहू जहाज पाणबुडीने बुडवलं, तेव्हा दोन संडरलँड उघड्या अटलांटिकवर उतरली आणि जहाजावरचे सगळे 34 जण त्यांनी उचलून आणले. बंदरातल्या पाण्यासाठी बांधलेला तळ महासागराच्या लाटांवर टेकवणं किती धोक्याचं, हे मी सांगण्यापेक्षा बाबाच तुम्हाला सांगतील.

हेंडनच्या विमानाचा नंबर एमएल 824. शॉर्ट ब्रदर्सच्या बेलफास्टच्या कारखान्यात 1944मध्ये ते बांधलं गेलं. आधी 201 स्क्वाड्रनमध्ये आणि पुढे नॉर्वेजियन माणसांच्या 330 स्क्वाड्रनमध्ये त्याने अटलांटिकवर गस्त घातली. युद्धानंतर ते फ्रेंच नौदलाकडे गेलं. 1961मध्ये फ्रेंचांनी ते परत दिलं आणि ते स्वतःच्या इंजिनांवर उडत वेल्समधल्या पेंब्रोक डॉकला आलं. तिथल्या हौशी लोकांनी ते सांभाळलं नसतं तर भंगारातच गेलं असतं, कारण एकूण 749 बांधली होती त्यांतली आज जगात मोजकीच उरलीत. 1971मध्ये ते हेंडनला आलं. खाऱ्या पाण्यात आयुष्य काढलेलं अ‍ॅल्युमिनियम आतून कुरतडलं जातं, त्यामुळे अशा बोटीची डागडुजी म्हणजे रंग मारणं नव्हे. गंजलेला पत्रा शोधून शोधून बदलावा लागतो. म्युझियममध्ये ते आज इतकं स्वच्छ दिसतं की हा भाग सुटून जातो. रिव्हेटच्या ओळी जवळून बघा.

एक गोष्ट आपल्याकडची. 1944च्या पावसाळ्यात उत्तर ब्रह्मदेशात जपान्यांच्या पिछाडीला लढणाऱ्या चिंडिट तुकड्यांतले जखमी आणि तापाने फणफणलेले सैनिक अडकून पडले होते. धावपट्ट्या चिखलात गेल्या होत्या. तेव्हा सिलोनहून 230 स्क्वाड्रनची दोन संडरलँड आणली. ती डोंगर आणि पावसाळी ढग ओलांडून इंडॉजी तलावावर उतरायची आणि माणसं भरून आसामात ब्रह्मपुत्रेवर परत यायची. सुमारे पाचशे जणांना असं बाहेर काढलं. समुद्रासाठी बांधलेली बोट, पण तिला नदीही चालली आणि तलावही. 1948मध्ये बर्लिनची नाकेबंदी झाली तेव्हा संडरलँडनी हाफेल नदीच्या तलावावर उतरून शहराला मीठसुद्धा पुरवलं. साध्या विमानाला सांडलेलं मीठ खाऊन टाकतं, यांचा तळ मात्र खाऱ्या पाण्याला सरावलेला.

आता जायचं कसं ते. नॉर्दर्न लाइनने कॉलिंडेलला उतरा, तिथून चालत पंधराएक मिनिटं. प्रवेश फुकट आहे. संडरलँड हँगर 1मध्ये आहे, आधी तिथेच जा. बाकीचे हँगर आधी केलेत तर इथे येईपर्यंत बाबा दमतील. आतून फिरता येणं ही हेंडनची खासियत आहे, पण निघण्यापूर्वी वेबसाइटवर त्या दिवशी आतला भाग उघडा आहे ना, ते बघून घ्या. डक्सफर्डलाही एक सुंदर संडरलँड आहे, फ्रान्समध्ये काही काळ त्याचा बार केला होता. पण तिकीट महाग आणि लंडनपासून लांब, त्यामुळे तुमच्यासाठी हेंडनच बरं.

आणि बाबा कधी गोव्याला गेले तर बोगमाळ्याजवळच्या नेव्हल एव्हिएशन म्युझियममध्ये त्यांना सीलँड बघायला सांगा. आपल्या नौदलाची पहिली विमानं हीच, 1953मध्ये कोचीला आलेली. तीही शॉर्ट ब्रदर्सचीच, पाण्यावर उतरणारी, पण दोन इंजिनांची, लहानखुरी आणि स्वतःची चाकं असलेली. हेंडनला पायरी नीट बघितली असेल तर गोव्यात ती लगेच ओळखू येईल.