सोसायटीचा नवा खजिनदार झालास? आधी एवढंच बघ

अभिनंदन! काम बिनपगारी, बोलणी मात्र भरपूर. हिशेब हळूहळू जमतो, त्याची धास्ती नको. सुरुवातीला हे सांभाळ:

- मेहुणा रंगकामाचं कोटेशन देणार असेल तर नातं कमिटीत आधीच सांग, मिनिटबुकात लिहून घे आणि त्या विषयापुरता बाहेर बस. त्याचा दर सर्वांत कमी असला तरी.
- सोसायटीची रोकड वेगळ्या डब्यात. मी एकदा ‘उद्या टाकतो’ म्हणून त्यातले सातशे रुपये गॅस सिलिंडरला दिले. टाकलेही, पण तीन दिवसांनी. मग व्हाउचरवरची तारीख बदलायला पेन उचललं, तेव्हा स्वतःचीच लाज वाटली.
- दिवाळीत लिफ्टवाल्याकडून काजूचा डबा येईल. घरी नेऊ नकोस, ऑफिसातच उघड, वॉचमनलाही दे.

अडलास तर एकच बघ: वार्षिक सभेत हे उभं राहून वाचून दाखवशील का? ती सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका विचारणारच (प्रत्येक सोसायटीत असतात).

1960 च्या सहकार कायद्याची कलमं नंतर वाच. उद्या जुन्या खजिनदाराकडून व्हाउचर फाइल घे आणि किती पावत्यांवर सही नाही ते मोज.